विमा महामंडळ आणि हजेरीपटावरचे नऊजण

कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा जन्म १९४८ च्या कायद्यातला, पण आखणी त्याआधीची. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचं काम सोपवलं, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. अहवाल पुढच्याच वर्षी आला. योजना सुरू व्हायला मात्र २४ फेब्रुवारी १९५२ उजाडावा लागला. कानपूर आणि दिल्ली ही पहिली केंद्रं. पहिले मानद विमाधारक म्हणून पं. नेहरूंनी अर्जावर सही केली.

मुंबईत योजना १९५४ मध्ये आली. इथे वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांनाच पॅनेलवर घेतलं गेलं. गिरणी कामगार विम्याचं कार्ड घेऊन ओळखीच्याच डॉक्टरकडे जाई. आजारपणात पगाराचा ठरावीक हिस्सा मिळण्याची सोय होती. आज तो ७० टक्के आहे, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

पुढच्या काळात रुग्णालयं वाढली, विश्वास तेवढा वाढला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं गेली. ‘वर्गणी आम्ही भरतो आणि माणूस जातो खाजगी दवाखान्यात,’ ही मालकांची जुनी तक्रार अगदीच खोटी नाही. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणि कामगाराची १.७५ वरून ०.७५ टक्क्यावर आली, तरी पळवाटा थांबल्या नाहीत. दहा माणसं झाली की कायदा लागू होतो, म्हणून हजेरीपटावर नऊच नावं आणि बाकीचे चिठ्ठीवर, हा प्रकार छोट्या वर्कशॉपांमध्ये सर्रास चालतो.

आता १९४८ चा कायदाच उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ कायदे त्यांत विरले आणि महामंडळ सामाजिक सुरक्षा संहितेखाली आलं. दहाचा नियम कायम आहे. पण सरकारने अधिसूचित केलेल्या धोकादायक कामात एकच कामगार असला तरी विमा सक्तीचा होऊ शकतो. दहाच्या आतल्यांना मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने येता येतं.

खरी गंमत वेतनाच्या नव्या व्याख्येत आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात धरायचा, या नियमाने भविष्य निर्वाह निधीचा बोजा वाढेल म्हणून सगळे धास्तावले. विम्याचं गणित वेगळं आहे. समजा मूळ पगार १५,०००, घरभाडे भत्ता १०,००० आणि प्रवास भत्ता ५,०००. जुन्या हिशेबात घरभाडं वेतनात धरलं जाई, प्रवास भत्ता नाही, म्हणजे २५,०००. विम्याच्या २१,००० च्या वेतनमर्यादेमुळे माणूस बाहेर. नव्या व्याख्येत घरभाडंही वगळलं जातं आणि भत्ते निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणून वेतन १५,००० आणि माणूस आत! मालकाचे महिना ४८८ रुपये, कामगाराचे ११३. पगारपत्रक न बदलताही विमाधारकांची यादी लांबते, हे बऱ्याच कंपन्यांच्या ध्यानातच आलेलं नाही.

शिवाय नोंदणी न केलेल्या कामगाराला अपघात झाला तर महामंडळ त्याला लाभ देऊन त्याचं भांडवली मूल्य मालकाकडून वसूल करू शकतं. ती रक्कम वर्षानुवर्षं वाचवलेल्या वर्गणीच्या कितीतरी पट भरू शकते.