हाक आणि हात

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना गडचिरोलीच्या जंगलात माणसे पांगतात. मागून कोणी आपले नाव घेतले, की मान आधी वळते, विचार मागून येतो. जंगलात ही सवय जीव वाचवते. यंत्रापाशी तीच कधी घात करते.

चंद्रपूर भागातील एका कामाच्या ठिकाणी, बऱ्याच वर्षांपूर्वी, यंत्रचालकाच्या डावीकडून कोणी त्याचे नाव घेऊन ओरडले, "उजवा दांडा ओढ!" हात डाव्या दांड्यावर गेला. सोबत्याची दोन बोटे तुटली. आरोपपत्रात कारण एकाच शब्दात होते : निष्काळजीपणा. त्या शब्दाशी भांडता भांडता, सातवीतच शाळा सुटलेले आम्ही, हा इतिहास वाचू लागलो.

१९४७ साली अमेरिकेत फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या. पुष्कळ चुका एका दांड्याऐवजी दुसरा ओढल्याच्या होत्या. दोष केवळ माणसाचा नव्हता, मांडणीचाही होता. १९६७ साली सायमन आणि रुडेल यांनी लोकांच्या एकेका कानात 'उजवे' किंवा 'डावे' हा शब्द ऐकवला व त्याप्रमाणे कळ दाबायला सांगितले. कोणत्या कानात शब्द आला, याला काही महत्त्व नव्हते. तरी 'उजवे' हा शब्द डाव्या कानात आला, की हात रेंगाळे. आवाज जिकडून येतो, तिकडे हाताचा ओढा असतो.

आता नावाचे पाहू. १९५९ साली मोरे यांना आढळले, की एका कानातले बोलणे लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला दुसऱ्या कानातले शब्द उमगत नाहीत. पण स्वतःचे नाव सुमारे एकतृतीयांश लोकांना ऐकू आले. २०१२ साली जिए सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की 'हा तुमचा' म्हणून नेमून दिलेला साधा त्रिकोणसुद्धा परक्याच्या आकृतीपेक्षा लवकर ओळखला जातो.

पुढे या दोन्ही धाग्यांची सांगड घालण्यात आली. काही प्रयोगांत 'मी'पणाने जागेच्या ओढ्यात फरक पडला, काहींत पडला नाही. म्हणून नावामुळेच हात चुकला, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हाक कोणत्या बाजूने आली, दांडे कसे मांडले होते, हे न विचारता जी चौकशी संपते, ती अर्धीच राहते.

त्या वेळी हे आम्हांला ठाऊक नव्हते. चालकाची नोकरी गेली. पुढच्या चौकशीत तरी हे प्रश्न आधी विचारा, एवढेच आमचे मागणे आहे.