चित्रांतले मुंबई बंदर

मुंबई बेटाची पश्चिम बाजू उघड्या समुद्राला सामोरी, तर पूर्व बाजू मुख्य भूमीच्या आडोशाला आहे. पावसाळ्यातही जहाजांना निर्धास्तपणे नांगरून राहता येईल असे पाणी पूर्वेलाच मिळत असल्यामुळे किल्ला, गोदी आणि माल चढवण्या-उतरवण्याचे धक्के त्या बाजूला वसले. शहराची जुनी चित्रेही बहुधा याच पाण्यावरून, किल्ल्याकडे पाहत काढलेली आढळतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीसाठी जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युएल स्कॉट यांनी 1732 च्या सुमारास कंपनीच्या सहा ठाण्यांची तैलचित्रे रंगवली, त्यांतले एक मुंबईचे होते. लॅम्बर्ट भूदृश्यात, तर स्कॉट जहाजांत निष्णात, म्हणून त्यांनी कामही तसेच वाटून घेतले. मात्र दोघांपैकी एकानेही हिंदुस्थान पाहिला नव्हता. त्यामुळे मागचा किनारा ऐकीव आणि पुढची जहाजे अस्सल, असा प्रकार झाला. मालमत्ता कशी दिसते हे मालकांना दाखवणारे ते चित्र होते, आणि त्या दृष्टीने ते चोख आहे.

प्रत्यक्ष बंदर पाहून रेखाटले ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे चित्र काढणारा म्हणून मराठी वाचकांना तो परिचित आहे. परंतु 1791 मध्ये मुंबईत उतरल्यावर त्याने या बेटाची जी दृश्ये टिपली, त्यांतील बारांचा संच त्याच्या मृत्यूनंतर, 1800 मध्ये प्रसिद्ध झाला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि उघड्या पडलेल्या रेघा आम्लाने खोदून घ्यायच्या, या एचिंग नावाच्या पद्धतीने ती छापलेली आहेत. वेल्सने माझगावच्या टेकडीवर उभे राहून बंदर पाहिले, म्हणजे चित्रकाराची जागा जहाजावरून जमिनीवर आली. जहाजे लहान झाली, मधले पाणी पसरले आणि पलीकडचे डोंगर चित्रात आले. या बंदराचे खरे सौंदर्य डोंगर आणि पाणी यांच्या या जवळिकीत आहे, आणि ते वेल्सला उमगले असे म्हणता येते.

या चित्रपरंपरेत काम करणारी माणसे मात्र कमीच दिसतात. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली, त्यांतले 1817 चे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. परंतु ते बांधणारे सुतार आणि मचवे हाकणारे खलाशी चित्रांत आले, तर बहुधा दृश्याचे प्रमाण कळावे एवढ्यापुरतेच. मराठीत शहराचे तपशीलवार वर्णन गोविंद नारायण माडगांवकर यांनी 1863 मध्ये प्रसिद्ध केले, ते शब्दांत.

त्याच दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले. पुढे 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. दरवाजे लावून आत पाण्याची पातळी राखणाऱ्या या गोद्या, त्यांची गोदामे आणि कुंपणभिंती यांमुळे पूर्वेचे पाणी रस्त्यावरून दिसेनासे होत गेले. 1924 मध्ये पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया ज्या पालवा बंदरावर उभे आहे, तेथे मात्र ते पाणी मोकळे राहिले. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसून मागे वळून पाहावे. जुन्या चित्रकारांनी मुंबई ज्या बाजूने पाहिली, ती बाजू तेथून दिसते.