व्होल्वेची काठी

स्वीडनच्या एलँड बेटावर क्लिंटा इथे दहाव्या शतकातल्या एका कबरीत ८२ सेंटिमीटर लांबीची लोखंडी काठी सापडली. तिच्यावर कांस्याची सजावट आहे आणि वरच्या टोकाला एक चिमुकलं घर बसवलेलं आहे. उत्तर युरोपातल्या कबरींतून अशा लोखंडी काठ्या आणखीही निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच काठ्यांची नोंद पूर्वी ‘मांस भाजायची सळई’ अशी झाली होती. श्रीमंत बाईची कबर, लांब लोखंडी दांडा, म्हणजे स्वयंपाकघरातली वस्तू असणार, असा तो तर्क. अनेक काठ्यांच्या मुठीशी सळयांचा पिंजऱ्यासारखा फुगवटा आहे. कताईच्या वेळी लोकर गुंडाळून ठेवायची जी काठी असते, तिची आठवण त्यावरून काही संशोधकांना झाली.

पुरातत्त्वज्ञ नील प्राइस यांनी २००२ साली हा पुरावा एकत्र मांडला आणि या काठ्यांचा संबंध भविष्य सांगणाऱ्या ‘व्होल्वा’ स्त्रियांशी जोडला. डेन्मार्कमधल्या फिरकाटच्या किल्ल्याजवळची कबर तर पाहण्यासारखी आहे. साधारण इ. स. ९८० च्या सुमाराची ही बाई गाड्याच्या साट्यात पुरलेली आहे. पायांत चांदीची जोडवी, आणि सोबत खुरासानी ओव्याच्या बिया. ही वनस्पती विषारी आहे, तिने भ्रम होतात. काठीचे तुकडेही तिथेच मिळाले. या सगळ्या वस्तू एका कबरीत असताना त्या काठीला सळई म्हणणं मला पटत नाही.

व्होल्वा काय करत असे, याचं सर्वांत तपशीलवार वर्णन तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘एरिक द रेड’च्या सागात, म्हणजे गद्य आख्यानात, आहे. ग्रीनलंडमध्ये दुष्काळ पडलाय, शिकार मिळत नाही, म्हणून थोरकेल नावाचा शेतकरी थोरब्योर्ग या व्होल्वेला घरी बोलावतो. ती निळ्या झग्यात येते. डोक्यावर काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी, आतून पांढऱ्या मांजराच्या कातड्याचं अस्तर. हातात पितळ मढवलेली, मुठीभोवती खडे बसवलेली काठी. उंच आसनावर बसल्यावर ती विचारते, आवश्यक ते गाणं कुणाला येतं का? तिथे असलेल्या गुद्रिद नावाच्या तरुणीला ते येतं. आइसलंडमध्ये हाल्दिस नावाच्या सांभाळ करणाऱ्या बाईने तिला शिकवलेलं असतं. पण गुद्रिद ख्रिस्ती आहे, ती नकार देते. थोरकेल गळ घालतो, तेव्हा कुठे ती गाते, आणि इतकं सुंदर गाते की सगळे थक्क होतात. आत्मे जवळ येतात आणि थोरब्योर्ग सांगते की दुष्काळ आता फार टिकणार नाही.

काठी, टोपी, हातमोजे, कमरेची पिशवी, जेवणातल्या खिरीत घातलेलं शेळीचं दूध, सगळं सागाकाराने टिपलं. गाण्याचे शब्द मात्र एकही नाही. मला हीच या विद्येच्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी वाटते. कारण गुद्रिद तयार होईपर्यंत काठीवाली व्होल्वा आसनावर नुसती बसून असते.

‘सेइद’ नावाची ही विद्या ओडिनच्या देवकुळाला फ्रेया देवीने शिकवली, असं मध्ययुगीन आइसलंडी लेखक स्नोरी स्टुर्लुसन सांगतो. पुरुषांनी ती करणं लाजिरवाणं मानलं जाई, हेही तोच नोंदवतो. पुढे ख्रिस्ती धर्म स्थिरावला आणि सेइद मागे पडली. आज काही जण ती पुन्हा करतात, पण त्यांच्या साधनेपर्यंत अखंड गुरुपरंपरा आलेली नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं.

आजच्या साधनेला आकार दिला तो मुख्यतः कॅलिफोर्नियात, लेखिका डायाना पॅक्सन आणि त्यांच्या ‘ह्राफ्नार’ गटाने, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. सागातलं वर्णन, जुन्या नॉर्स एड्डा काव्यांतली प्रश्नोत्तरं आणि मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर शिकवत असलेली ढोलाच्या ठेक्यावरची ध्यानपद्धत यांतून तो विधी उभा राहिला. जमलेल्यांना शब्दांच्या आधारे मृतांच्या लोकाच्या दारापर्यंत नेतात. उंच आसनावरची व्यक्ती मग दार ओलांडते आणि एकेकाच्या प्रश्नाला उत्तर देते. त्या आसनावर आता पुरुषही बसतात.

या साधकांना गाणी नव्याने रचावी लागली. काहींना त्यात उणेपणा वाटतो, मला वाटत नाही. गुद्रिदला जे येत होतं ते आता कुणालाच येत नाही, आणि सागातली थोरब्योर्गसुद्धा आधी गाणारी शोधते.