बिबट्या गेकोची पैदास व रंगवैशिष्ट्ये

बिबट्या गेको (शास्त्रीय नाव: युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) ही अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशात आढळणारी निशाचर पाल आहे. एडवर्ड ब्लाइथ यांनी इ.स. १८५४ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. अमेरिका व युरोपात ती पाळीव प्राणी म्हणून लोकप्रिय असून निवडक पैदाशीतून तिचे अनेक रंगप्रकार निर्माण झाले आहेत. त्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात. काही रंगांबरोबर गंभीर विकारही संततीत उतरतात, त्यामुळे ही पैदास वादाचा विषय ठरली आहे.

== वर्णन ==
प्रौढ गेकोची लांबी साधारणपणे १८ ते २५ सें.मी. असते. घरातील पालीप्रमाणे तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे तिला गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही. तिच्या डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात. पिलांच्या अंगावर काळे-पिवळे पट्टे असतात व वाढीबरोबर त्यांचे ठिपके होतात. जाड शेपटीत चरबीचा साठा असतो. बंदिवासात ती १० ते २० वर्षे जगते.

== शीतन ==
मूळ प्रदेशात थंडीच्या दिवसांत ही पाल बिळात किंवा कपारीत मंदावस्थेत राहते आणि ऊब वाढल्यावर तिचा विणीचा हंगाम सुरू होतो. या ऋतुचक्राचे अनुकरण म्हणून काही पैदासकार हिवाळ्यात सुमारे ६ ते ८ आठवडे तापमान १५ ते २० °से. पर्यंत उतरवतात. त्यापूर्वी एक-दोन आठवडे अन्न बंद केले जाते, कारण थंडीत पचन मंदावते व पोटातील अन्न कुजण्याचा धोका असतो. तापमान हळूहळू उतरवले व चढवले जाते आणि पिण्याचे पाणी सतत ठेवले जाते. आजारी, कृश वा अल्पवयीन प्राण्यांसाठी शीतन घातक ठरू शकते. शीतनाशिवायही या जातीची पैदास होते.

== अंडी व उबवण ==
मादी एका वेळी सहसा दोन मऊ कवचाची अंडी घालते व एका हंगामात अनेकदा विते. कवचासाठी शरीरातील कॅल्शियम खर्च होत असल्याने तिला पूरक आहार द्यावा लागतो. अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धवट पुरून ठेवतात व उलटी करत नाहीत, कारण त्यामुळे आतील भ्रूण दगावू शकतो.

पिलांचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते. सुमारे २६ °से. तापमानाला बहुतेक माद्या, ३२ ते ३३ °से. दरम्यान बहुतेक नर, तर ३४ °से.च्या वर पुन्हा प्रामुख्याने माद्या जन्मतात. अधिक उष्णतेत उबवलेल्या पिलांचा रंग उजळ असतो. हा फरक तापमानाचा असल्याने पुढील पिढीत उतरत नाही.

== रंगांची आनुवंशिकता ==
* '''अप्रभावी:''' अल्बिनो प्रकारात कृष्णरंजकाची निर्मिती बिघडलेली असते. दोन वाहक पालकांच्या संततीत सरासरी एक चतुर्थांश पिले अल्बिनो असतात. वाहक मात्र सामान्यच दिसतात. ट्रेम्पर, रेनवॉटर व बेल हे अल्बिनोचे तीन स्वतंत्र वाण आहेत. दोन भिन्न वाणांच्या शुद्ध अल्बिनोंचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील पिले सामान्य रंगाची निपजतात, म्हणून पैदाशीच्या नोंदी ठेवणे आवश्यक असते.
* '''अपूर्ण प्रभावी:''' ‘मॅक स्नो’मध्ये जनुकाच्या एका प्रतीने पिवळा रंग फिका होतो. दोन प्रती आल्यास पांढऱ्या अंगावर काळे ठिपके व पूर्ण काळे डोळे असलेला ‘सुपर स्नो’ निपजतो.
* '''बहुजनुकीय:''' ‘टँजेरिन’ हा नारिंगी रंग अनेक पिढ्यांच्या निवडीतून गडद होत गेला आहे.

== रंग व आरोग्य ==
‘एनिग्मा’ प्रकारात मान तिरकी होणे, गोल गोल फिरणे, भक्ष्यावरील झडप चुकणे ही चेतासंस्थेच्या विकाराची लक्षणे आढळतात. हे वैशिष्ट्य प्रभावी असल्याने एकाच पालकाकडूनही संततीत येते.

‘लेमन फ्रॉस्ट’ प्रकाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. पांढरट-पिवळ्या तकाकीमुळे त्याला मोठी मागणी होती. परंतु यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांच्या त्वचेत, प्रकाश परावर्तित करणाऱ्या रंगपेशींच्या गाठी निर्माण होतात. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी इ.स. २०२१ मध्ये या रंगाचा संबंध स्पिंट-१ या जनुकाशी जोडला. त्याच भागातील उत्परिवर्तन रंगाला व गाठींना कारणीभूत दिसत असल्याने, निवडीद्वारे रंग राखून रोग वगळणे शक्य होत नाही. अनेक पैदासकारांनी या प्रकाराची पैदास थांबवली.

== भारतातील संबंधित जाती ==
युब्लेफॅरिस फस्कस ही याच प्रजातीतील जाती महाराष्ट्र व गुजरातमध्ये आढळते. इ.स. २०१४ मध्ये सातपुडा पर्वतरांगेतून युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या नव्या जातीची नोंद झाली. पाळीव मॉर्फ बंदिवासातील पैदाशीतून आलेले असल्याने या वन्य जातींचा त्यांच्याशी थेट संबंध नाही.