गोळी आणि कानातला आवाज

“बीपीची गोळी सुरू झाल्यापासून कानात गुंई आवाज येतोय, गोळी बंद करू का?” गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांपेक्षाही हा प्रश्न मेडिकलवाल्याला आणि आशाताईंना जास्त वेळा ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ, जरा दबकत, दुसरा येतो: “टेन्शनच्या गोळीनं तो थांबतो म्हणतात, खरं का?” या दोन प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येत नाही, म्हणून हे पुस्तक. भुदरगड तालुक्यातल्या परिचारिका, औषधविक्रेते, विज्ञानाचे शिक्षक आणि ज्यांचा कान आज रात्री वाजणार आहे ते सगळे याचे वाचक आहेत. वैद्यकाची पूर्वतयारी नसली तरी काही अडणार नाही.

सुरुवात आवाजापासून करू. बाहेर काहीही वाजत नसताना ऐकू येणाऱ्या आवाजाला कर्णनाद म्हणतात. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला शिट्टी, कुणाला कुकरची वाफ. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड असे दोन वेगळे मानले आहेत. आवाज कसा आहे हे आधी विचारावं, ही शिस्त इतकी जुनी आहे. प्रौढांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांना कर्णनाद जाणवतो, असं जगभरच्या पाहण्या सांगतात.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी केलेला एक प्रयोग मला या विषयाचं दार वाटतो. ऐकणं उत्तम असलेल्या ८० जणांना त्यांनी आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज सांगितला. म्हणजे पूर्ण शांततेत बहुतेक निरोगी माणसांनाही काहीतरी ऐकू येतं. मग काहींचा हा आवाज दिवसाढवळ्या, माणसांत बसल्यावरही का जात नाही? आतल्या कानात, शंखासारख्या वळणदार नळीत, सुमारे १५ हजार केशपेशी असतात. वय, ट्रॅक्टर, कारखान्यातली यंत्रं, मिरवणुकीतला डीजे यांनी त्या झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपल्याकडची ग्रहणशक्ती वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागेना म्हणून आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसंच हे होतं. वेदगंगेच्या काठचं गाव रात्री निजलं की ती खरखर ठळक होते.

आता गोळीकडे. सरकारी तपासणी मोहिमेत तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब मोजला जातो आणि पुष्कळांना आपल्याला बीपी आहे हे तिथंच पहिल्यांदा कळतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही नावं त्यामुळे आता खेड्यापाड्यांतल्या पिशव्यांत आहेत. पण बीपी सापडण्याचं वय आणि कान उतरू लागण्याचं वय एकच. शिवाय ‘तुम्हाला बीपी आहे’ हे ऐकल्यापासून माणूस आपल्याच शरीराकडे कान देऊ लागतो. ज्या महिन्यात गोळी सुरू झाली त्याच महिन्यात आवाज लक्षात आला, एवढ्यावरून गोळी दोषी ठरत नाही. आणि गोळी निर्दोष आहे असंही एवढ्यावरून म्हणता येत नाही. या सगळ्या शास्त्राचा कणा एकच आहे: आधी काय झालं, नंतर काय झालं, आणि त्याची तारीख.

दोषी ठरलेलं औषध पाहायचं तर फ्युरोसेमाइड पाहा, लोक जिला ‘पाणी काढायची गोळी’ म्हणतात. मूत्रपिंडातले क्षार हलवणारे जे पंप ते थांबवतं, त्याच जातीचे पंप आतल्या कानातल्या द्रवाचा विद्युतदाब राखतात. त्यामुळे मोठा डोस शिरेतून भराभर गेला, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना, तर कान वाजतो आणि ऐकूही कमी येतं. म्हणूनच मोठा डोस मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देऊ नये असा नियम आहे. हा परिणाम बहुधा काही तासांत ओसरतो. पण त्याच वेळी जेंटामायसिन, अमिकासिन किंवा क्षयरोगासाठी दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन चालू असेल, तर केशपेशी कायमच्या जाऊ शकतात. रोज तोंडाने घ्यायच्या छोट्या गोळीचा धोका याच्या जवळपासही नाही.

बाकीची बीपीची औषधं पुष्कळ सौम्य आहेत. ॲम्लोडिपिनच्या माहितीपत्रकात कर्णनादाची नोंद आहे, पण क्वचित घडणाऱ्या परिणामांत. डोस जास्त होऊन दाब फार उतरला तर उठताना अंधारी येते आणि काहींना तेव्हाच कानात आवाज जाणवतो. तिथं गोळी बदलण्याआधी दाब मोजायला हवा. थायझाइड गटाची गोष्ट उलटीच आहे. बीपीसाठी वापरली जाणारी ही औषधं मेनिएरच्या विकारात, म्हणजे चक्कर, बहिरेपणा आणि कर्णनाद एकत्र येणाऱ्या आजारात, कानासाठी म्हणूनच दिली जातात. आणि बीपीच्या गोळीवर आळ येतो तेव्हा पिशवीतल्या दुसऱ्या गोळ्यांकडे कुणी पाहत नाही. सांधेदुखीसाठी मोठ्या मात्रेत घेतलेलं ॲस्पिरिन आणि हिवतापावरचं क्विनाइन ही कान वाजवणारी जुनी, नीट अभ्यासलेली औषधं आहेत. हृदयासाठी घेतल्या जाणाऱ्या ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनने असं क्वचितच होतं.

एका आवाजाबाबत मात्र थांबू नये. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड होत असेल तर नाडीवर बोट ठेवून दोन्ही जुळतात का ते पाहावं. जुळत असतील तर रक्तदाब, पंडुरोग, थायरॉइड आणि मानेच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. एकाच कानातला आवाज किंवा अचानक आलेलं बहिरेपण असेल तर गारगोटीहून पन्नासेक किलोमीटरवरचं कोल्हापूर त्याच दिवशी गाठावं. अचानक गेलेल्या श्रवणशक्तीवर उपचाराचे पहिले दिवस फार मोलाचे असतात.

टेन्शनच्या गोळीचा प्रश्न मला अधिक नाजूक वाटतो, कारण तिथं आशा खरी असते. १९९० साली यास्त्रेबॉफ या संशोधकांनी मांडलं की कर्णनादाचा त्रास कानापुरता राहत नाही. भीती आणि सावधपणा सांभाळणारी मेंदूची केंद्रं त्यात ओढली जातात. आवाज धोक्याचा वाटला की लक्ष तिथंच खिळतं, झोप उडते, आणि आवाज वाढल्यासारखा वाटतो. १९९३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ४० रुग्णांवर अल्प्राझोलमची, म्हणजे टेन्शनच्याच एका गोळीची, चाचणी झाली. औषध घेऊन चाचणी पूर्ण करणाऱ्या १७ पैकी १३ जणांचा आवाज कमी झाला, खोटी गोळी घेणाऱ्या १९ पैकी एकाचा. आकडा मोहात पाडणारा आहे, पण गट लहान होता आणि पुढच्या चाचण्यांत हा लाभ तसा टिकला नाही. २०१४ च्या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने निव्वळ कर्णनादासाठी चिंतेची किंवा नैराश्याची औषधं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असं स्पष्ट सांगितलं. चिंता किंवा नैराश्य खरोखर असेल तर त्यासाठी औषध जरूर घ्यावं. मन सावरलं की आवाजाचा जाचही उतरतो.

धोका दुसऱ्या टोकाला आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली तर काहींचा कान वाजू लागतो. डायझेपाम थांबवल्यावर लांबलेल्या कर्णनादाच्या नोंदी १९८८ मध्येच कॅनडातून प्रसिद्ध झाल्या. गोळी संपली, गावात मिळाली नाही, आणि तिसऱ्या रात्री आवाज सुरू झाला, तर ‘आजार वाढला’ असं वाटतं आणि डोस वाढतो. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू पायऱ्यांनी उतरवायची असते. १ मार्च २०१४ पासून या दोन्ही गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. मेडिकलवाल्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. आवाजाचा जाच कमी करण्यात आजवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो बोलून, विचारांची सवय बदलून केल्या जाणाऱ्या उपचाराचा. त्याने आवाज जात नाही, त्याची दहशत जाते. मराठीतून हा उपचार देणारी माणसं तालुक्याच्या गावी तयार व्हावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

गारगोटीत ही अपेक्षा अवाजवी नाही. मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक पुढे १९८१ च्या ‘सर्वांसाठी आरोग्य’ या अहवालाच्या कामात होते, आणि लोकांचं आरोग्य लोकांच्या हाती यावं हाच त्या अहवालाचा आग्रह होता. औषधांच्या दुष्परिणामांचं ज्ञान तर लोकांकडूनच येतं. चाचणीत हजारभर माणसं असतात आणि क्वचित घडणारं तिथं दिसत नाही. ते दिसतं लाखो घरांत. देशाचा औषधसतर्कता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्णालाही स्वतः नोंद करता येते.

तेव्हा वाचायला बसण्याआधी घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत काढावीत: बीपीची, झोपेची, दुखण्याची आणि आयुर्वेदिक सुद्धा. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कधी चुकली, आवाज कोणत्या कानात आणि कधी सुरू झाला, एवढं एका कागदावर लिहावं. गोळी कुठलीही आपण होऊन थांबवू नये. पहिलं प्रकरण केशपेशींवर आहे, पण ज्यांना आजच डॉक्टरांकडे जायचं आहे त्यांनी औषधांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. तो कागद मात्र सोबत न्यावा.