जिरायत आणि बागायत : दख्खनच्या शेतीची वाटचाल



भूगोलाच्या पुस्तकात शेतीचे प्रकार दिलेले असतात : स्थलांतरित शेती, उदरनिर्वाहाची शेती, व्यापारी शेती, मळ्याची शेती. आपली मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. परंतु या प्रत्येक प्रकारामागे पाऊस, माती आणि माणसाची गरज यांचा मोठा इतिहास आहे. तो पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या दख्खनमध्येच तो आपल्या पायाखाली पडलेला आहे.

गहू आणि जव पेरण्याची विद्या पश्चिम आशियातील माणसाला सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी साधली. तोवर तो शिकारीमागे आणि कंदमुळांमागे फिरत होता. बियाणे राखू लागला तसा तो एका जागी राहू लागला. महाराष्ट्रात या स्थिर जीवनाचे उत्तम दर्शन पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे घडते. १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अनेक वर्षे उत्खनन झाले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. जव हे त्यांचे मुख्य पीक. शिवाय गहू, मसूर, वाटाणा. त्यांनी नदीच्या पाण्यासाठी पाट खोदला होता आणि बांधही घातला होता. गावप्रमुखाच्या मानलेल्या घराशेजारी धान्याचे कोठारही मिळाले.

पण इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊसमान घटले, शेती खालावली आणि लोक पशुपालन व शिकारीकडे वळले, असे संशोधकांचे मत आहे. अखेर वस्ती उठली. शेती एकदा साधली म्हणजे ती कायमची आपली झाली असे नाही, हा इनामगावचा पहिला धडा होय.

आता आपल्या रोजच्या शब्दांकडे पाहा. ‘जिरायत’ हा शब्द अरबी ‘जिराअत’ म्हणजे शेती यावरून आला. ‘बागायत’ फारसी ‘बाग’वरून. ‘खरीप’ म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत. पीक कोणत्या ऋतूत हाती येते, त्यावरून ही नावे पडली. पिकेही अशीच दूरदूरची. ज्वारी आणि बाजरी मूळ आफ्रिकेतली. मिरची, मका आणि भुईमूग अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आले. आपण ज्याला अस्सल गावरान जेवण म्हणतो, त्या भाकरी-ठेच्याच्या ताटात दोन खंड एकत्र बसलेले असतात!

जशी जमीन, तशी शेती. सह्याद्रीच्या उतारावर झाडोरा तोडून, जाळून राखेत नाचणी-वरी पेरण्याची कुमरी पद्धत होती. दोन-तीन वर्षांनी जमीन सोडून पुढे जायचे. खाली कोकणात राब भाजून, रोप तयार करून भाताची लावणी होते. घाटमाथ्यापलीकडे पाऊस कमी, म्हणून तेथे जिरायत ज्वारी-बाजरी. आणि जेथे विहीर वा पाट, तेथे बागायत.

या सर्वांत विशेष अभ्यासण्यासारखी आहे ती धुळे-नाशिक भागातील फड पद्धत. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षे ती चालत आली. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फेरपालट करायची. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी पडले तर तोटा एकट्याच्या माथी येत नसे. पाणी कोणी केव्हा घ्यायचे हे गावाने नेमलेला पाटकरी पाहत असे. इनामगावाजवळ पाट होता. येथे पाटाबरोबर वाटपाचा नियमही होता.

नियमाचे महत्त्व राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने सारावसुलीचा मक्ता देण्याची रीत मोडली आणि जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरवला. शेतकरी तगला तरच राज्य तगते, हे त्याला उमगले होते.

पुढे व्यापारी शेती आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र राहिले. त्यातच सरकारने सारा वाढवला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. आपल्या शेताचे भाग्य सात समुद्रांपलीकडे ठरते आणि कागदावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, याची ती आग होती.

पालकांनो, ‘शिकला नाहीस तर नांगर धरावा लागेल’ असे आपण मुलांना सहज म्हणतो. वरील इतिहास याच्या उलट सांगतो. नांगर धरणाऱ्यालाच पावसाचा, पाण्याच्या वाटपाचा आणि कर्जाच्या हिशेबाचा अभ्यास सर्वाधिक हवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारा. ते हेच सांगतील.

विद्यार्थी मित्रहो, या सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या शिवारात कोणती पिके होती, कोणती गेली आणि पाणी कोठून येत होते, हे आजी-आजोबांना विचारून वहीत उतरवून ठेवा. भूगोलाचा तो धडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही, आणि तो सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.