भीती, हुरहूर आणि कुमारवयाचा नायक
कुमारवयाच्या उंबरठ्यावरील मुलाची चिंता भारतीय कथनसाहित्यात कोणत्या रूपात अवतरली, या प्रश्नाचा शोध बंगळूरपासून आरंभणे सयुक्तिक ठरते. आर. के. नारायण यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चे लेखन १९३० मध्ये याच शहरात सुरू केले, कादंबरी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वामीच्या भीतीला निश्चित विषय आहेत : वडील, परीक्षा, मुख्याध्यापकांची छडी. म्हणूनच तो पळून जाऊ शकतो.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधील (१९९४) लंपनला ही वाट उपलब्ध नाही. आईवडिलांपासून दूर, बेळगाव परिसरात आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा मायेने वेढलेला आहे. तरीही तो अधूनमधून अकारण व्याकूळ होतो. या व्याकुळतेला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘हुरहूर’ हाच होय.

बंगळूरमध्येच १९७४ साली निम्हान्स ही संस्था उभी राहिली. तिच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाहिलेल्या १३ ते १७ वयोगटातील मुलामुलींपैकी ७.३ टक्क्यांमध्ये मानसिक विकार आढळले. निदानाची परिभाषा पीडित मुलाला उपचारापर्यंत नेते. ती आवश्यकच आहे. मात्र तीच लंपनवर लादली, तर हुरहुरीचे केवळ लक्षण उरते आणि तिच्यामागील घराची ओढ दिसेनाशी होते. तौलनिक अभ्यासकाने या दोन्ही भाषा शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.